‘विकले गेले’ या आरोपाविषयी

रॉक-संगीताच्या समीक्षेत एक आरोप इतक्या वेळा उच्चारला गेला आहे की, त्याचा अर्थ तपासून पाहण्याची गरज कोणास वाटेनाशी झाली आहे. एखादा वृंद लहान सभागृहांतून गाऊ लागतो, त्याच्याभोवती निष्ठावंतांचा मेळा जमतो, पुढे मोठ्या कंपनीशी त्याचा करार होतो, आणि त्या दिवसापासून जुने चाहते म्हणू लागतात, ‘ते विकले गेले’. आपल्या वाङ्मयसमीक्षेतही ‘विकाऊ’ आणि ‘धंदेवाईक’ ही विशेषणे अशाच सैलपणाने वापरली जातात. कलाकृतीचे एकही पान न उलगडता ती प्रबंधांतून येऊन बसतात, हे परीक्षक या नात्याने मी अनेकदा पाहिले आहे. म्हणून या आरोपाचा विचार एका निश्चित उदाहरणाच्या आधारे करावा, असा येथे हेतू आहे. उदाहरण लंडनच्या ‘द क्लॅश’ या पंक-वृंदाचे घेतले आहे.

प्रथम शब्दांकडे पाहू. मराठीत आपण ‘विकले गेले’ असे म्हणतो तेव्हा विकलेली वस्तू तेवढी समोर उभी राहते. विकणारा कोण, हे वाक्यातून लुप्त होते. इंग्रजीतील ‘सेल आउट’ या प्रयोगात याच्या नेमके उलट घडते. तेथे विकणारा हा कर्ता आहे, पण त्याने काय विकले ते कर्मच वाक्यात नाही. ब्रिटिश लष्करात १८७१ पर्यंत अधिकारपदे विकत घेता व विकता येत असत, आणि आपले पद विकून सैन्यातून बाहेर पडणाऱ्या अधिकाऱ्यासंबंधी हाच शब्दप्रयोग रूढ होता. त्यात निंदा नव्हती, कारण काय विकले हे सर्वांना ठाऊक होते. कर्म अध्याहृत राहून पुढे अनिश्चित झाले आणि ती पोकळी नैतिक संतापाने भरून निघाली. (संस्कृतात ‘क्री’ हा धातू उभयपदी आहे, परंतु ‘वि’ हा उपसर्ग लागताच, फळ कोणालाही मिळो, तो केवळ आत्मनेपदी होतो. पाणिनीच्या मनात यामागे काही उपरोध होता असे मात्र कोणी समजू नये!) तात्पर्य, आरोप करणाऱ्याला आपण विचारले पाहिजे : कोणी विकले, काय विकले आणि ते कोणाला?

‘द क्लॅश’ने जानेवारी १९७७ मध्ये सी. बी. एस. या कंपनीशी करार केला. रक्कम एक लाख पौंडांची होती. ‘स्निफिन ग्लू’ या पंक-पत्रिकेचा संपादक मार्क पेरी याने त्या दिवशीच पंक-संगीत मरण पावले, अशा आशयाचा उद्गार काढला, व तो पुढे सर्वतोमुखी झाला. या वेळी वृंदाची एकही तबकडी निघालेली नव्हती, हे लक्षात घेण्याजोगे आहे. म्हणजे जी कला विकली गेली असे म्हटले गेले, ती मोजक्या श्रोत्यांच्या स्मरणाखेरीज अन्यत्र कोठेच नव्हती. हा आरोप कलाकृतीविषयी नसून सहवासाविषयी होता. ‘आमचे’ होते ते ‘सर्वांचे’ होणार, ही त्यातील वेदना खरी आहे. तिला मी क्षुद्र म्हणणार नाही. पण तिला समीक्षेचा निकषही म्हणता येत नाही.

या वेदनेच्या मुळाशी एक गृहीत आहे : बाजाराचा स्पर्श होण्यापूर्वी गायकाचा आवाज त्याचा स्वतःचा, शुद्ध असतो. भाषाविज्ञानाच्या अभ्यासकाला हे गृहीत मान्य करणे कठीण आहे. पीटर ट्रडगिल यांनी १९८३ मध्ये ब्रिटिश पॉप-गीतांतील उच्चारांचे जे विवेचन प्रसिद्ध केले, ते या दृष्टीने मोलाचे आहे. १९५० नंतरच्या दशकांत ब्रिटिश गायक गाताना अमेरिकन उच्चार धारण करीत. बोलताना ज्या ठिकाणी ते रकार गाळीत, तेथे गाताना तो उमटवीत. बीटल्सच्या १९६३ च्या पहिल्या दीर्घ तबकडीत असा रकार जवळजवळ निम्म्या ठिकाणी आढळतो. १९६९ पर्यंत तो नाममात्र उरतो. मध्यंतरी काय घडले? १९६४ पासून बीटल्सना अमेरिकेत प्रचंड यश मिळाले, आणि ज्यांचे अनुकरण करावयाचे तेच आता यांचे श्रोते झाले. म्हणजे येथे व्यापारी यशाने आवाज गमावला गेला नाही. उलट तो मोकळा झाला. आरोपकर्त्यांनी या आकड्यांसमोर क्षणभर थांबावयास हवे होते.

पंक-गायकांचे चित्र याहून गुंतागुंतीचे आहे. त्यांनी लंडनच्या श्रमिक वर्गाची बोली गीतात आणली. ‘ट’चा उच्चार गळ्यातच अडवून टाकण्याची लकब, रुंदावलेले संयुक्त स्वर, हे सारे त्यांच्या गायनात ऐकू येते. तथापि अमेरिकन लकबीही पूर्णपणे गेल्या नाहीत. दोन ओढी एकाच ओळीत नांदताना दिसतात. ‘द क्लॅश’चा प्रमुख गायक जो स्ट्रमर याचे मूळ नाव जॉन मेलर. त्याचा जन्म १९५२ मध्ये अंकारा येथे झाला. वडील ब्रिटिश परराष्ट्रखात्यात नोकरीला होते आणि मुलाचे शिक्षण निवासी शाळेत झाले. तो ज्या बोलीत गात होता ती त्याने शिकून घेतलेली होती, जाणीवपूर्वक निवडलेली होती. हे मी दूषण म्हणून सांगत नाही. नटाची भाषा नटाची नसते म्हणून नाटक खोटे ठरत नाही. सांगावयाचे ते एवढेच की, करारापूर्वीही येथे कौमार्यभंगाला वाव नव्हता.

मग विकले जाणे असे काही नसतेच काय? तसेही मला म्हणावयाचे नाही. कंपनीची सत्ता हा काल्पनिक प्रकार नव्हे. १९७७ मध्ये सी. बी. एस. ने ‘रिमोट कंट्रोल’ हे गीत वृंदाच्या इच्छेविरुद्ध स्वतंत्र तबकडी म्हणून काढले. त्यावर चिडून रचलेले ‘कम्प्लीट कंट्रोल’ हे गीतही त्याच वर्षी त्याच कंपनीने विकले! आपल्याविरुद्धची तक्रारही बाजाराला वर्ज्य नसते. पण याच कराराच्या चौकटीत पुढे काय झाले ते पाहावे. १९७९ च्या अखेरीस आलेला ‘लंडन कॉलिंग’ हा दोन तबकड्यांचा संच एका तबकडीच्या किमतीत विकावा, असा आग्रह वृंदाने धरला. १९८० च्या ‘सँडिनिस्टा!’मध्ये तीन तबकड्या व छत्तीस गीते होती. तोही स्वस्तात देता यावा म्हणून त्यांनी आपल्या मानधनाच्या मोठ्या भागावर पाणी सोडले. या दोन संचांत जमैकाचे रेगे आहे, जॅझ आहे, न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर नुकतेच जन्मलेले रॅप आहे. ‘सँडिनिस्टा!’ पसरट आहे, त्यातील तिसऱ्या तबकडीचा बराच भाग मला आजही कंटाळवाणा वाटतो. पण श्रोत्याला काय हवे याचा हिशेब करून तो रचलेला नाही, हे कोणीही मान्य करील.

१९८२ च्या ‘कॉम्बॅट रॉक’चे प्रकरण अधिक नाजूक आहे. मिक जोन्स याने सिद्ध केलेला मूळ आराखडा दोन तबकड्यांचा होता. अनुभवी ध्वनिसंयोजक ग्लिन जॉन्स यांना पाचारण करून तो एका तबकडीत बसविण्यात आला. अमेरिकेत त्याला मोठे यश लाभले. ही काटछाट यशासाठी झाली यात संशय नाही. परंतु ‘सँडिनिस्टा!’चा विस्तार ज्याने सोसला आहे, त्याला संपादन म्हणजे शरणागती असे सरसकट म्हणवणार नाही.

माझ्या मते खरा अधःपात याच्या पुढे आहे, आणि आरोपकर्त्यांची दृष्टी तेथे जात नाही. १९८३ मध्ये जोन्सला काढून टाकण्यात आले. ‘आपण मुळाकडे परत जात आहोत’ अशी भूमिका घेऊन स्ट्रमर व व्यवस्थापक बर्नार्ड ऱ्होड्स यांनी नवे वादक जमविले, आणि १९८५ मध्ये ‘कट द क्रॅप’ प्रसिद्ध झाला. रेगे गेले, जॅझ गेले; उरल्या त्या घोषणा आणि फुटबॉलच्या मैदानावरील समूहस्वरासारखे कोरस. पंकच्या पुनरुज्जीवनाची भाषा बोलणाऱ्या या तबकडीत ढोलाची जागा बव्हंशी यंत्राने घेतली आहे. १९७७ मध्ये जी बोली निवड म्हणून आली होती, ती येथे गणवेश म्हणून येते. पंक-श्रोता असा असतो, त्याला हे हवे असते, असा एक काल्पनिक गिऱ्हाईक समोर ठेवून वृंदाने स्वतःचीच नक्कल केली. ‘काय विकले?’ या प्रश्नाला येथे प्रथमच नेमके उत्तर मिळते : स्वतःची पूर्वीची शैली. आणि हे घडले ते शुद्धतेच्या नावाखाली. तबकडी गाजली नाही म्हणून तिच्यावर विक्रीचा आरोप कोणी केला नाही, एवढेच. १९८६ मध्ये वृंद विसर्जित झाला. २०१३ मध्ये त्याच्या ध्वनिमुद्रणांचा जो मोठा संच निघाला, त्यातून ही तबकडी वगळलेली आहे.

१९९१ मध्ये लीव्हायच्या जीन्सच्या जाहिरातीत वापरले गेल्यामुळे ‘कॉम्बॅट रॉक’मधील एक जुने गीत ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेले, आणि आरोपाला पुन्हा उधाण आले. त्या गीताचा एकही सूर त्यासाठी बदलला नव्हता. ते नऊ वर्षांपूर्वीचे गीत होते तसेच आहे, आणि ‘कट द क्रॅप’मधील ‘धिस इज इंग्लंड’ या एका गीताचा अपवाद सोडला, तर त्या तबकडीत पुन्हा ऐकावे असे मला काही सापडलेले नाही.