दहा राग आणि तीन यंत्रे

देवळाच्या सभामंडपात भजनाला बसलेल्या मंडळींपुढे पेटी, तबला आणि झांजा यांच्या जोडीला हल्ली एक मोबाइलही ठेवलेला दिसतो. त्यातून तंबोऱ्याचा नाद अखंड निघत असतो. आणि तबलजी यावयाचा राहिला तर ठेकाही त्याच मोबाइलमधून निघतो. या प्रकाराविषयी आमच्या समाजात दोन पक्ष पडलेले आहेत. एका पक्षाच्या मते देवापुढे यंत्राचा आवाज म्हणजे निव्वळ अनाचार. दुसरा पक्ष म्हणतो, सूर लागला म्हणजे झाले. तो लाकडातून आला की काचेच्या चौकटीतून, याची चौकशी देव करीत नाही. दोन्ही बाजूंची कैफियत ऐकल्यावर आम्हांस असे वाटले की, या दाव्यात मुद्देच नीट काढले गेलेले नाहीत. ते काढण्याच्या कामी मुंबईत १९८२ साली निघालेली एक ध्वनिमुद्रिका फार उपयोगी पडण्यासारखी आहे. म्हणून प्रथम तिचे परीक्षण करू आणि मग देवळाकडे वळू.

ही ध्वनिमुद्रिका चरणजित सिंग यांची. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत बास गिटार व तत्सम वाद्ये वाजविण्यात त्यांचे आयुष्य गेले. अशा वादकांचे नाव श्रेयनामावलीत क्वचितच येते, परंतु त्यांच्यावाचून गाणे उभे राहत नाही. ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’ या लांबलचक नावाची ही तबकडी ग्रामोफोन कंपनीने काढली. तिच्यात भैरवी, ललित, भूपाली, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस आणि बैरागी असे दहा राग आहेत. गायक नाही, सतार नाही, तबला नाही. वादक एकटा, आणि त्याच्यापुढे जपानच्या रोलँड कंपनीची तीन विद्युत्-वाद्ये.

या तिन्ही वाद्यांची ओळख करून दिल्यावाचून पुढील विवेचन समजणार नाही. पहिले ज्युपिटर-८. ही पट्ट्यांची स्वरपेटी असून तिच्यात भाते वा पत्त्या नाहीत. विजेच्या आंदोलनांतून स्वर उत्पन्न होतो, आणि एका वेळी आठ स्वर बोलू शकतात. दुसरे टीआर-८०८ हे तालयंत्र. त्यात ठोक्यांचा क्रम एकदा भरून ठेवला की तो थांबवीपर्यंत चालतो. तिसरे टीबी-३०३. हे लहानसे यंत्र एकट्याने सराव करणाऱ्या गिटारवादकाला बासची साथ मिळावी म्हणून काढले होते. सोळा घरांच्या पटात स्वर मांडावयाचे. कोणत्या स्वरावर जोर द्यावयाचा आणि कोणत्या स्वरावरून पुढच्या स्वरावर घसरत जावयाचे, हेही त्यात नोंदता येते. बासची नक्कल म्हणून ते फसले, खपले नाही, आणि १९८४ च्या सुमारास त्याचे उत्पादनही बंद झाले. पुढे अमेरिकेतील शिकागो येथील तरुणांनी ही टाकून दिलेली यंत्रे जुन्या बाजारातून स्वस्तात उचलली, आणि ‘फ्यूचर’ या मंडळींच्या १९८७ सालच्या ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ पासून नृत्यसंगीताचा एक नवा प्रकार जगभर पसरला.

२०१० साली चरणजित सिंग यांची विस्मृतीत गेलेली तबकडी पुन्हा प्रसिद्ध झाली, तेव्हा पाश्चात्य रसिकांना आश्चर्याचा धक्का बसला. शिकागोच्या पाच वर्षे आधी तोच नाद मुंबईत उमटला होता! या प्रकाराचा आद्यप्रवर्तक म्हणून त्यांचा गौरव झाला. २०१५ साली निधन होण्यापूर्वी तो त्यांस पाहावयास मिळाला, याचे आम्हांस समाधान आहे. परंतु हा मान, आमच्या मते, चुकीच्या कसोटीवर दिलेला आहे. पुढे दुसऱ्याने जे केले त्याची आगाऊ सावली म्हणून एखाद्या कृतीचे मोल ठरवू नये. सिंग यांच्यापुढे शिकागो नव्हते; त्यांच्यापुढे १९८२ सालची मुंबई होती, डिस्कोच्या ठेक्याने भारून गेलेली. त्या ठेक्यावर राग चालेल काय, एवढाच प्रश्न त्यांनी विचारला. त्याचे उत्तर त्यांस कितपत साधले, हेच परीक्षकाने पाहावे.

साधले आहे ते असे. रागाची चौकट त्यांनी मोडलेली नाही. मालकंसात पंचम डोकावत नाही, भूपालीत मध्यमाचे नाव नाही. चित्रपटाच्या धंद्यात राहिलेल्या माणसाला लोकरंजनासाठी परका स्वर मिसळण्याची सवय असणे शक्य होते. ती सवय त्यांनी दाराबाहेर ठेवली. दुसरे असे की, टीबी-३०३ च्या स्वरांतील घसरण हा मूळ यंत्रात एक साधा गुण होता. सिंग यांनी तिच्यात मींडेचे बीज ओळखले. खालच्या सप्तकात रागाचेच स्वर फिरत राहतात आणि वर त्यांचा उजवा हात ज्युपिटरवर आलापीचे व तानांचे तुकडे घेतो. यंत्र एकसुरी, हात मोकळा. दोहोंच्या या ओढाताणीतच या तबकडीचा प्राण आहे.

न साधलेले ते असे. मैफलीच्या शेवटी यावयाची भैरवी येथे आरंभीच येते, आणि पाठोपाठ पहाटेचा ललित. प्रहरांचा विचार सोडून दिलेला आहे. डिस्कोच्या ठेक्यात चारही ठोके सारख्या वजनाचे पडतात. त्यात खाली नाही, आणि खालीवाचून समेला अर्थ नाही. जेथे प्रत्येक मात्रा समच आहे, तेथे समेवर येण्याचा आनंद कसा मिळणार? तिसरा दोष पट्टीचा. या पेटीतील सप्तक बारा सारख्या भागांत कापलेले असते. तंबोऱ्याच्या खर्जातून आपोआप ऐकू येणारा गांधार पट्टीच्या गांधारापेक्षा सप्तकाच्या बाराशे भागांपैकी सुमारे चौदा भागांनी उतरलेला असतो. तोडीच्या अतिकोमल गांधाराची तर पट्टीवर सोयच नाही. द्रुत लयीत हे व्यंग झाकून जाते. म्हणूनच, आमचा तर्क असा की, या तबकडीत स्वरावर ठेहराव फारसा नाही.

एवढे दोष सांगूनही आम्ही ही कृती बाद ठरवीत नाही. कारण येथे यंत्राला किती अधिकार द्यावयाचा, हे माणसाने ठरविलेले आहे. वकिलीच्या भाषेत बोलावयाचे तर सिंग यांनी तालयंत्रास व बासयंत्रास खासमुखत्यारपत्र दिले: लय धरा, खर्जात फिरत राहा, याहून अधिक काही नाही. रागाचा कारभार त्यांनी स्वतःकडे ठेवला. कारभार कोणाच्या हाती आहे, हाच आमच्या दाव्यातील खरा मुद्दा होय.

आता देवळाकडे वळू. यंत्र परके म्हणून त्याज्य, हा पहिल्या पक्षाचा युक्तिवाद टिकण्यासारखा नाही, कारण पूर्वीचे दाखले त्याच्याविरुद्ध आहेत. ज्या पेटीवाचून आज भजन उभे राहत नाही, ती युरोपातून आली. तिच्या बारा पट्ट्यांत श्रुती बसत नाहीत म्हणून सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि न्यायाधीश क्लेमेंट्स यांनी श्रुतिपेटी तयार करविली. १९१६ साली बडोद्यास भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय संगीत परिषदेत तिच्यावर मोठा वाद झाला. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने साध्या पेटीवरच बंदी घातली, आणि ती तीस वर्षांहून अधिक काळ टिकली. तेवढ्या अवधीत देवळांतून मात्र पेटी हलली नाही. घुमटाचा दाखला तर याहून जवळचा आहे. घोरपडीला कायद्याचे संरक्षण मिळाले, तिचे कातडे वापरणे बंद झाले, आणि घुमटावर बकऱ्याचे कातडे चढले. नादात फरक पडला, असे जाणकार म्हणतात. तरीही सुवारी घुमली, आणि २०१९ साली त्याच घुमटाला गोव्याचे वारसा-वाद्य म्हणून मान्यता मिळाली. द्रव्य बदलले म्हणून वाद्य बाटत नाही.

तंबोऱ्याच्या यंत्राचा इतिहासही काही उपद्व्यापी माणसाने केलेला चाळा नव्हे. बंगळूरचे जी. राज नारायण हे व्यवसायाने अभियंता आणि स्वतः बासरीवादक. त्यांनी १९७९ साली विद्युत्-तंबोरा सिद्ध केला, आणि पुढे त्यांच्याच ‘रेडेल’ नावाखाली तबल्याची यंत्रेही निघाली. आमच्या कोकणपट्टीच्या पावसाळ्यात लाकडी तंबोरा लावून ठेवणे किती कठीण, हे तो वाजविणाऱ्यांस विचारावे. भोपळा जपावा लागतो, प्रवासात तो फुटतो. यंत्राने ही अडचण दूर केली आणि एकांतात रियाज करणाऱ्या कितीतरी विद्यार्थ्यांवर उपकार केले. तोच तंबोरा आता मोबाइलवर आला. त्यात हवी ती पट्टी, हवी ती लय, तबल्याचे निरनिराळे ठेके आणि लेहराही सापडतो. गावात तबलजी नाही म्हणून ज्या मुलीचे गाणे सुटले असते, तिच्या दृष्टीने ही केवढी सोय!

परंतु येथेच दुसऱ्या पक्षाचाही युक्तिवाद लंगडा पडतो. तंबोरा हा केवळ सूर पुरविणारा नळ नव्हे. जवारीखालचा दोरा केसभर सरकवीत, तार खुलेपर्यंत कान लावून बसावयाचे, आणि षड्ज-पंचमाच्या नादातून न छेडलेला गांधार वर येतो की नाही, ते पाहावयाचे. या गांधाराला आपण स्वयंभू म्हणतो. देवळात जाणाऱ्यांस या शब्दाचे मोल निराळे सांगावयास नको. मोबाइलमधील चांगल्या तंबोऱ्यातही तो गांधार ऐकू येतो, हे आम्ही मान्य करतो. पण तो दुसऱ्या कोणी तरी शोधून, मुद्रित करून ठेवलेला असतो. शोधण्याचे श्रम वाचले, आणि श्रमांबरोबर कानाचे शिक्षणही वाचले. शिवाय गुरूच्या मागे तंबोरा घेऊन कोणीतरी बसत असे. ती जागा शिष्याची. बहुतेक गवयांचे पहिले शिक्षण तेथे, गुरूच्या पाठीकडे पाहत झालेले आहे. मोबाइलला बसावयास जागा लागत नाही. म्हणून ती जागा उठली. देवळाच्या महाजनांनी वाद्याची चिंता करण्यापेक्षा या रिकाम्या जागेची करावी.

तालाचेही तसेच. याच भूमीत पर्वतचे खाप्रूमामा होऊन गेले. हातापायांनी निरनिराळे ताल धरून मुखाने तिसराच चालविणारे हे लयभास्कर. हिशेबाच्या नेमकेपणात तालयंत्र त्यांच्या जवळ येईलही. पण भजनात गाणारा भावनेच्या भरात ओळ पुन्हा घोळवितो, एखादा शब्द लांबवितो, तेव्हा साथीदार त्याच्यासाठी थांबतो, त्याला सावरून घेतो. मोबाइलचा ठेका पुढे निघून जातो. तो चुकत नाही, हे खरे. तो ऐकत नाही, हेही तितकेच खरे. साथ या शब्दाचा अर्थ ऐकणे असा आहे.

कोणी म्हणेल, उद्याची यंत्रे ऐकू लागतील. लागोत. तूर्त एवढे दिसते की नवीन वाद्यांपैकी काहींनी पट्टीचे जुने व्यंग दूर केले आहे. ‘जिओश्रेड’ सारख्या साधनात काचेवर बोट सरकवून सलग मींड घेता येते, आणि महेश राघवन यांच्यासारखे वादक तिच्यावर कर्नाटक संगीतातील गमके काढून दाखवितात. हे ऐकून आम्ही प्रसन्न झालो, कारण येथेही काचेपुढे शिकलेला हात आहे. यंत्राने वादकाची जागा घेतलेली नाही, उलट त्याला एक नवीन जागा करून दिली आहे.

तेव्हा आमचा अभिप्राय असा. मोबाइलवरील तंबोऱ्याला सभामंडपातून हुसकून लावण्याचे कारण नाही. रियाजाला, प्रवासाला आणि अडल्या वेळेला तो खुशाल असावा. परंतु त्याला कुलमुखत्यारपत्र देऊ नये. प्रत्येक देवळात निदान एक खरा तंबोरा लावलेला असावा, आणि सप्ताहाच्या दिवशी तो घेऊन गाणाऱ्याच्या मागे गावातील एखादे मूल बसवावे. पहिली काही वर्षे त्याची तार उतरेल, बोट चुकेल, मंडळींचा थोडा रसभंगही होईल. तो सोसावा. चरणजित सिंग यांच्या उजव्या हातामागेही असाच कुठला तरी ओबडधोबड आरंभ असला पाहिजे.