उंदराला मधुमेह कशाने झाला, ते आधी बघा

‘अमुक वनस्पतीच्या अर्काचा मधुमेहातील ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसवर परिणाम’ असा विषय पीएचडीला घ्यायचं मनात असेल, तर पेपर वाचताना थेट निष्कर्षावर उडी मारू नका. मेथड्समध्ये दोन गोष्टी शोधा: उंदरांमध्ये मधुमेह कशाने निर्माण केला, आणि अर्क कधी दिला.

माझ्या पहिल्या सिनॉप्सिसमध्ये जांभळाच्या बियांचा अर्क होता. सात दिवस अर्क, आठव्या दिवशी अ‍ॅलॉक्सान, मग रक्तातली साखर मोजायची. वाचलेल्या चार-पाच पेपरांत असंच होतं, मीही तसंच उतरवलं. प्रेझेंटेशनला एका मॅडमनी विचारलं, “तुमचा अर्क मधुमेहावर काम करतोय की अ‍ॅलॉक्सानवर?” मी गप्प.

प्रश्न समजून घ्या. अ‍ॅलॉक्सान ग्लुकोजसारखं दिसतं, म्हणून ग्लुट-२ या वाहकातून बीटा पेशीत शिरतं. आत त्याचं डायल्युरिक आम्ल होतं, त्याचं परत अ‍ॅलॉक्सान, आणि या फेऱ्यांमध्ये सुपरऑक्साइड, हायड्रोजन पेरॉक्साइड आणि हायड्रॉक्सिल रॅडिकल तयार होतात. पेशी मरतात त्या यांच्यामुळेच. म्हणजे इथलं विषच फ्री रॅडिकल बनवणारं! शरीरात आधीच अँटिऑक्सिडंट असेल तर विषाचा जोर कमी होतो, पेशी वाचतात, साखर फारशी चढत नाही. यात मधुमेह बरा झालेला नसतो, तो धड झालेलाच नसतो. आणि आपल्या ओळखीतल्या कुणाला टाइप २ मधुमेह अ‍ॅलॉक्सानमुळे झालेला नाही.

दुसरा दागिना डीपीपीएच. जांभळा रंग पिवळा झाला, ५१७ नॅनोमीटरला शोषण घटलं, एवढंच ते सांगतं. हे रॅडिकल शरीरात नसतंच. अर्क आतड्यातून रक्तात पोचतो का, हे मिथेनॉलच्या नळीला काय कळणार?

डोसचंही गणित करून बघा. उंदराला ४०० मि.ग्रॅ. प्रति किलो दिलं, तर माणसासाठी साधारण ६.२ ने भागतात. ६० किलोच्या माणसाला रोज जवळपास ४ ग्रॅम अर्क. १०० ग्रॅम पावडरीतून १० ग्रॅम अर्क निघत असेल, तर ही ४० ग्रॅम पावडर झाली. रोज. कोण खाणार?

वनस्पतींना मी नावं ठेवत नाहीये. मेटफॉर्मिनचा माग गॅलेगा ऑफिसिनॅलिस या झाडापर्यंतच जातो. पण ‘अँटिऑक्सिडंट आहे, म्हणजे मधुमेह्याला फायदा’ ही उडी माणसांमध्ये आधीच चाचपली गेली आहे. २००० साली आलेल्या होप चाचणीत साडेनऊ हजारांवर लोक होते, त्यात मधुमेहीही पुष्कळ. रोज ४०० युनिट ई जीवनसत्त्व घेऊनही हृदयविकार किंवा पक्षाघात कमी झाले नाहीत. तुमच्या प्रस्तावनेत ही चाचणी नसेल तर परीक्षक ती काढणारच.

माझी नवी योजना अशी: आधी मधुमेह पक्का झाल्याची खात्री, अर्क त्यानंतर, आणि बीटा पेशी किती उरल्या तेही मोजायचं. पहिल्या सिनॉप्सिसमधून आला असता तेवढा देखणा आलेख यातून येणार नाही, हे गाईडना आत्ताच सांगून ठेवलंय.