खाल्ल्या मिठाला जागणारी

मे महिन्यात रायपूरचा पारा 45 अंशांकडे झुकतो आणि छत्तीसगडी घरांत बोरे-बासी वाढली जाते: पाण्यात भिजवून ठेवलेला भात, मीठ, कांदा, हिरवी मिरची. घामावाटे गेलेलं मीठ-पाणी एकाच वाडग्यात परत मिळतं. त्यातलं किती ठेवायचं, हे किडनी ठरवते. आणि तिची ही कारागिरी सावकाश पाहावी अशी आहे.

दिवसभरात ती सुमारे 180 लिटर द्रव गाळते. त्यात जवळजवळ दीड किलो मीठ असतं. गाळलेला द्रव ज्या बारीक नलिकांतून जातो, त्यांच्या सुरुवातीलाच दोनतृतीयांश सोडियम रक्तात परततं, पुढे हेन्लेच्या वळशात आणखी पाव हिस्सा. उरतं ते थोडंसं, आणि खरी नजाकत तिथेच आहे. अल्डोस्टेरॉन या संप्रेरकाच्या इशाऱ्यावर त्यातलं गरजेपुरतं राखलं जातं, बाकीचं लघवीवाटे सोडलं जातं.

मला मोहवते ती एक जागा. वळसा घेऊन वर आलेली नलिका आपल्याच गाळणीला येऊन भिडते, बंदिश फिरून समेवर यावी तशी. तिथल्या मॅक्युला डेन्साच्या मोजक्या पेशी येणारं मीठ चाखतात. कमी वाटलं तर रेनिन हे द्रव्य सुटतं आणि पुढे अल्डोस्टेरॉन वाढतं. जास्त वाटलं तर गाळणीकडे येणारी रक्तवाहिनी आवळते. अशा सुमारे दहा लाख नलिका एकेका किडनीत आहेत!

ही रचना कळली की रिपोर्टही नीट वाचता येतो. ‘सोडियम कमी झालंय’ म्हटल्यावर घरचे मिठाचं पाणी द्यायला धावतात. पण रक्तातल्या सोडियमचा आकडा, निरोगी माणसात 135 ते 145, मुख्यतः पाण्याचं प्रमाण सांगतो. अंगातलं एकूण मीठ कळतं ते सुजेवरून, रक्तदाबावरून, मानेच्या शिरेवरून. हृदय थकलेल्या रुग्णाच्या अंगात मीठ भरपूर असतं, पाणी त्याहून जास्त. म्हणून आकडा 125. त्याला मीठ पाजणं घातकच. जुलाबांनी सुकलेल्या मजुराचा आकडाही 125 असू शकतो. त्याला मीठ हवंच असतं. बरेच दिवस उतरलेला आकडा घाईने चढवला, तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते.

पण ही कारागिरीच बिघडली तर? छत्तीसगडच्या गरियाबंद जिल्ह्यातल्या सुपेबेडा गावाने किडनीच्या आजारात अनेक माणसं गमावली. उपचारांसाठी तिथल्या अनेकांना रायपूर गाठावं लागलं. डायलिसिस आठवड्यातून दोन-तीनदा साठलेलं मीठ-पाणी काढतं, पण क्षणाक्षणाची पारख त्याला जमत नाही. किडनीची ती पारख शाबूत आहे तोवरच बीपी आणि क्रिएटिनिन तपासत राहावं. आणि सोडियमच्या आकड्यावर औषध ठरण्याआधी रुग्णाचे पाय दाबून पाहिले जावेत.