दलीलाचे गाणे, नॉर्वेचा गळा



आमच्या नातीचे लग्न ठरले आहे. हुप्पाकडे चालत जाताना कोणते संगीत वाजवायचे, यावर सध्या घरात रोज चर्चा चालते. परवा तिने फोनवर एक गाणे लावले आणि म्हणाली, "आजी, हे ऐक. शब्द कळत नाहीत, पण किती गोड आहे!" गाणे फ्रेंच होते, गाणारी नॉर्वेची. थोडे ऐकले आणि मला हसू आवरेना. ते दलीलाचे गाणे होते. आपल्या शिमशोनाचे केस कापवणारी तीच दलीला!

गायिकेचे नाव सिसेल. जग तिला एवढ्याच नावाने ओळखते. हे गाणे तिच्या 'माय हार्ट' या अल्बममध्ये आहे. 2004 मध्ये तो अमेरिकेत आला. ऑपेरातली गाणी, लॅटिन प्रार्थना, चित्रपटाची धून, लोकगीत असे सारे त्यात एकत्र आहे. या प्रकाराला क्रॉसओव्हर म्हणतात. शास्त्रीय संगीत ज्यांच्या घरात कधी नव्हते, त्यांच्यापर्यंत ते सोपे करून पोचवायचे, असा त्यामागचा विचार. नातीच्या निमित्ताने मी हा अल्बम पुन्हा पुन्हा ऐकला.

सिसेलचा जन्म 1969 चा, बर्गन शहरातला. 1986 ची युरोव्हिजन स्पर्धा त्याच शहरात झाली, तेव्हा मध्यंतरात ती गायली. वय अवघे सोळा. त्या वर्षी इस्राएलही स्पर्धेत होता, तेव्हा आपल्याकडच्या काही घरांत तो आवाज तेव्हाच पोचला असेल. 1994 मध्ये लिलहॅमरच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये तिने ऑलिंपिक गीत म्हटले. पण तिला सगळ्यांत जास्त लोकांनी ऐकले ते तिचे नाव न कळताच. 1997 च्या 'टायटॅनिक' चित्रपटात पार्श्वसंगीतात एक बाईचा आवाज शब्दांवाचून तरंगत राहतो, तो तिचाच. संगीतकार जेम्स हॉर्नर यांनी तिचा नॉर्वेजियन गाण्यांचा अल्बम ऐकून तिला बोलावले होते.

या आवाजाचा गुण काय? तो स्वच्छ आहे. कंप फार कमी, सूर सरळ, वरच्या पट्टीत गेला तरी ओरडत नाही. त्यात कपट शोधूनही सापडत नाही. देशोदेशीच्या लोकांना तो आपला वाटतो याचे कारण मला हेच दिसते. शब्द न कळले तरी माणसाला वाटते की ही बाई खरे बोलते आहे.

आता दलीलाकडे येऊ. सँ-साँस या फ्रेंच संगीतकाराचा 'सॅमसन आणि डलायला' हा ऑपेरा 1877 मध्ये जर्मनीतल्या वायमार येथे प्रथम झाला. शोफतीमच्या सोळाव्या अध्यायात पलिष्ट्यांचे सरदार दलीलाला प्रत्येकी अकराशे रुप्याची नाणी देऊ करतात. ऑपेरातली दलीला पैसे नाकारते, तिला सूड हवा आहे. दागोनच्या पुजाऱ्यापाशी ती तशी शपथ घेते आणि त्यानंतर शिमशोन आला की हे गाणे गाते. म्हणजे त्यातला प्रत्येक गोड शब्द हा फास आहे. संगीतकाराने चालही तशीच बांधली आहे. ध्रुपदात सूर अर्ध्या अर्ध्या पायरीने खाली घसरत येतो, जणू कोणी हात धरून उतारावर नेत आहे. हे गाणे खर्जाकडे झुकणाऱ्या, जड, काळसर आवाजासाठी लिहिले आहे.

सिसेल ते असे गाते की दलीला खरोखरच प्रेमात पडली आहे असे वाटावे. सूर एकही चुकत नाही, पण फास कुठेच लागत नाही. कोणी म्हणेल, तिचा आवाजच हलका, ती काय करणार? पण मारिया कॅलासही सोप्रानोच होती. तिने 1961 मध्ये पॅरिसला हेच गाणे ध्वनिमुद्रित केले. ते ऐकताना शिमशोनाला सावध करावेसे वाटते.

याच अल्बममध्ये पुच्चिनीचे 'ओ मियो बाबिनो कारो' आहे. 1918 च्या 'जानी स्किक्की' या छोट्या ऑपेरातले. मुलगी बापाला विनवते, लग्नाला हो म्हण, नाहीतर नदीत उडी घेईन. धमकी आहे, पण ती लाडक्या लेकीची. इथे सिसेलचा निर्मळ गळा अगदी चपखल बसतो.

आणखी एक गाणे आपल्या माणसांनी मुद्दाम ऐकावे. एन्नियो मोरिकोने यांची 'डेबोराज थीम' ही धून. 1984 च्या 'वन्स अपॉन अ टाइम इन अमेरिका' या चित्रपटात न्यूयॉर्कच्या यहुदी वस्तीतली पोरे गुंड होतात. त्यातल्या एकाने जिच्यावर प्रेम केले आणि जिला आपल्याच हाताने गमावले, ती डेबोरा म्हणजे आपली देवोरा. मूळ धूनीत बाईचा आवाज शब्दांवाचून येतो. सिसेलच्या अल्बममध्ये तिला इंग्रजी शब्द दिले आहेत. हुरहूर तिच्या गळ्यात आहेच, पण शब्दांमुळे ती उगाच समजावून सांगितल्यासारखी वाटते. 'टायटॅनिक'मध्ये शब्दांवाचून जे साधले, तेच इथे हवे होते.

गाणे मुळापासून वेगळे काढले म्हणून माझी तक्रार नाही. आपल्या समाजात शास्त्रातल्या कथांवर मराठीत कीर्तने होत. चाली इथल्या मातीतल्या, कथा इस्राएलची. तोही एक क्रॉसओव्हरच होता. पण कीर्तनकार आधी आख्यान सांगे आणि मग पद म्हणे, म्हणून ऐकणाऱ्याला कळे की हे कोण कोणाला म्हणते आहे. सिसेलचा अल्बम जगभर गेला तो आख्यान मागे ठेवून. ओझे कमी झाले की प्रवास सोपा होतो, हे खरे. पण मागे जे राहिले ते आपले होते. लोदहून बेत शेमेशकडे आगगाडीने जाताना सोरेकचे खोरे लागते. दलीला तिथलीच.

मी नातीला गाणे बदल असे म्हटले नाही. शास्त्र काढून सोळावा अध्याय तिच्यापुढे ठेवला आणि कॅलासचे गाणे ऐकवले. दोन दिवसांनी तिचा फोन आला. "आजी, हुप्पासाठी ते बापाला विनवणारे गाणे घेते. अब्बांना सांगते, पुलावरून उडी मारीन! पण दलीला माझ्या फोनवर राहणार हं."

राहू दे. वाचकांनीही अल्बम जरूर ऐकावा. फक्त दलीलाचे गाणे लावण्याआधी तो अध्याय एकदा वाचावा. पाच मिनिटांचे काम आहे.