गोल घर आणि दारिद्र्य : इनामगाव व नैकुंड येथील पुराव्याचा पुनर्विचार

घोड नदीकाठच्या इनामगाव (ता. शिरूर, जि. पुणे) येथे डेक्कन कॉलेजने १९६८ पासून केलेल्या उत्खननात १३० हून अधिक घरांचे अवशेष मिळाले. पूर्व जोर्वे काळातील (इ. स. पू. १४०० ते १०००) घरे प्रशस्त व आयताकार, तर उत्तर जोर्वे काळातील (इ. स. पू. १००० ते ७००) बहुतांश घरे लहान, गोल झोपड्या. डॉ. म. के. ढवळीकर यांनी या बदलाचा संबंध कोरड्या होत गेलेल्या हवामानाशी जोडला. ‘महाराष्ट्राची कुळकथा’ (२०११) या त्यांच्या ग्रंथामुळे हे विवेचन मराठी वाचकांपर्यंत पोहोचले. मात्र अध्यापनात त्याचे ‘आयत म्हणजे सुबत्ता, वर्तुळ म्हणजे दारिद्र्य’ असे सूत्र होऊन बसले आहे. चौकाच्या वाड्यांना सरावलेल्या नारायण पेठेतील नजरेला ते पटावे, यात नवल नाही!

हे सूत्र विदर्भात टिकत नाही. नागपूर जिल्ह्यातील नैकुंड येथे डॉ. शां. भा. देव व डॉ. अ. प्र. जामखेडकर यांनी १९७८ ते १९८० या काळात उत्खनन केले. तेथे वक्र विटांची लोखंड गाळण्याची भट्टी, भात्याच्या नळ्यांचे तुकडे व लोहमळी सापडली. काळ्या-तांबड्या मृद्‌भांड्यांचा वापर करणाऱ्या या लोकांची वस्तीतील घरे मात्र गोलच होती. याच संस्कृतीच्या माहुरझरी येथील शिळावर्तुळांत लोखंडी कुऱ्हाडी, खंजीर आणि तांब्याच्या अलंकारांनी सजविलेल्या घोड्यांचे अवशेष मिळाले आहेत. अशा समाजाला दरिद्री कसे म्हणावे?

ढवळीकरांचा युक्तिवाद केवळ घराच्या आकारावर उभा नव्हता, हेही नमूद केले पाहिजे. गव्हाची पीछेहाट, शिकारीचे वाढलेले प्रमाण, मृद्‌भांड्यांतील ओबडधोबडपणा ही त्यांची प्रमाणे अधिक भक्कम आहेत. दुष्काळाचे अनुमान त्यांवर तपासावे. घराच्या आकाराला साक्षीला बोलावण्याची गरज नाही.

अडचण पुराव्याच्या असमतोलाचीही आहे. इनामगाव आपल्याला मुख्यतः घरांतून कळते, विदर्भातील लोहयुग मुख्यतः थडग्यांतून. मृतासोबत निवडून पुरलेली कुऱ्हाड आणि जिवंत माणसाने टाकून दिलेले खापर यांची तुलना करून दोन समाजांची श्रीमंती मोजता येत नाही. १८६०च्या दशकात रिव्हेट-कार्नाक यांनी जुनापाणीची वर्तुळे उकरली, तेव्हापासून अभ्यासकांची कुदळ थडग्यांकडेच अधिक वळली. टाकळघाट, नैकुंड, भागीमहारी येथील वस्तींचा शोध घेतला गेला, तो बराच नंतर. तुलना करायचीच असेल, तर ती या वस्त्यांतील चुली, धान्य व खापरे यांची इनामगावातील घरांशी करावी लागेल.