उत्तम व्हीसीआर कोणता? एका प्रचलित गोष्टीची तपासणी

तंत्रज्ञानाच्या इतिहासावरील लेखांत आणि व्याख्यानांत एक गोष्ट हमखास भेटते. सोनी कंपनीने १९७५ साली बीटामॅक्स हा घरगुती व्हिडिओ रेकॉर्डर बाजारात आणला. पुढच्याच वर्षी जेव्हीसी कंपनीचा व्हीएचएस आला. बीटामॅक्सचे चित्र अधिक चांगले होते, पण जाहिरात आणि व्यापारी डावपेच यांच्या जोरावर व्हीएचएस जिंकला. तात्पर्य असे, की बाजारात चांगली वस्तू हरते आणि सुमार वस्तू टिकते.

ही गोष्ट सुटसुटीत आहे, म्हणून ती वर्गातही सांगितली जाते. आमचा आक्षेप असा, की तिच्यातला ‘चांगला’ हा शब्द कोणी तपासतच नाही. चांगला कशासाठी? घेणाऱ्याला त्या यंत्राकडून नेमके काय हवे होते? विज्ञान शिकवणाऱ्याने हा प्रश्न सोडून पुढे जाता कामा नये. त्याचे उत्तर सातवी-आठवीच्या गणिताने मिळते, ही आणखी एक सोय.

आधी यंत्र कसे चालते ते पाहू. आवाजाच्या कॅसेटमध्ये फीत स्थिर हेडवरून सेकंदाला सुमारे ४.८ सेंटिमीटर वेगाने सरकते. चित्रासाठी हे पुरत नाही. चित्राच्या संदेशात सेकंदाला लक्षावधी चढउतार असतात. ते फितीवर उमटवायचे तर हेड आणि फीत यांच्यातला वेग सेकंदाला काही मीटर हवा. फीत तेवढ्या वेगाने पळवली तर तासाभराच्या कार्यक्रमाला कित्येक किलोमीटर फीत लागेल. यावर काढलेली युक्ती अशी: फीत सावकाश सरकवायची, पण हेड एका फिरत्या ड्रमवर बसवायचे आणि फीत त्या ड्रमभोवती तिरपी गुंडाळायची. मग प्रत्येक हेड फितीवर एकापुढे एक तिरप्या रेघा ओढत जाते. दोन्ही यंत्रांत हीच युक्ती होती.

फरक मापांत होता. बीटामॅक्सच्या ड्रमचा व्यास ७४.५ मिलिमीटर, तर व्हीएचएसचा ६२ मिलिमीटर. अमेरिकेतल्या पद्धतीत दोन्ही ड्रम सेकंदाला ३० फेरे घेत. परीघ काढून ३० ने गुणले, की बीटामॅक्सच्या हेडचा वेग सेकंदाला सुमारे ७ मीटर आणि व्हीएचएसचा सुमारे ५.८ मीटर येतो. वेग जास्त असला की बारकावे नोंदवायला जागा जास्त मिळते. म्हणजे बीटामॅक्सच्या चाहत्यांचे म्हणणे हवेतले नव्हते. पण प्रत्यक्ष चित्रात हा फरक किती उतरला? आडव्या दिशेने वेगळ्या ओळखू येणाऱ्या रेषा मोजल्या, तर सुरुवातीच्या बीटामॅक्समध्ये त्या सुमारे २५० आणि व्हीएचएसमध्ये सुमारे २४० होत्या. अमेरिकेतल्या प्रक्षेपणात त्या सुमारे ३३० असत. दोन्ही यंत्रे मूळ चित्रापेक्षा बरीच कमी पडत होती आणि आपसात जवळजवळ बरोबरीची होती.

आता गोष्ट सांगणारे जे गणित मांडत नाहीत, ते मांडू. बीटामॅक्सच्या एल-५०० कॅसेटमध्ये सुमारे १५२ मीटर फीत असे आणि ती सेकंदाला ४ सेंटिमीटर सरके. १५२ ला ०.०४ ने भागले की ३८०० सेकंद, म्हणजे सुमारे ६३ मिनिटे होतात. व्हीएचएसची कॅसेट आकाराने मोठी होती. तिच्यात सुमारे २४७ मीटर फीत मावे आणि तिचा वेग सेकंदाला सुमारे ३.३ सेंटिमीटर होता. हा भागाकार केला तर दोन तासांहून थोडे अधिक येते.

एका यंत्रात एक तास, दुसऱ्यात दोन तास. रेकॉर्डर घेणाऱ्याला काय करायचे होते, ते आठवले की या फरकाचे वजन कळते. त्याला दूरचित्रवाणीवरचा कार्यक्रम आपण घरी नसताना टिपून ठेवायचा होता आणि सवडीने पाहायचा होता. इंग्रजी चित्रपट साधारण दीड-दोन तासांचा असतो. तो तासाभराच्या कॅसेटवर मावत नाही आणि मध्येच कॅसेट बदलायला घरी कोणी नसते. चित्रपटाचा शेवटच टिपता येत नसेल, तर पहिल्या तासाचे चित्र दहा रेषांनी सरस असून उपयोग काय?

सोनीलाही हे लवकरच उमगले. कंपनीने १९७७ मध्ये फितीचा वेग निम्मा केला आणि दोन तास मिळवले. पण निसर्ग काही फुकट देत नाही. फीत निम्म्या वेगाने सरकली की तिरप्या रेघांना रुंदीही निम्मीच उरते. रेघ अरुंद झाली की तिच्यातून मिळणारा संदेश क्षीण होतो आणि त्या मानाने पडद्यावरच्या मुंग्या वाढतात. मूळ बीटामॅक्सची जी बढाई होती, तिचा बराच भाग असा वेळेच्या मोबदल्यात खर्ची पडला. व्हीएचएसच्या बाजूनेही हाच सौदा झाला. त्याच वर्षी अमेरिकेत आरसीए कंपनीने माट्सुशिताने बनवलेले व्हीएचएस यंत्र आणले. त्यात फीत आणखी सावकाश चालवून चार तास मिळत. तिथला फुटबॉलचा पूर्ण सामना एका कॅसेटवर बसावा, हा त्यामागचा हेतू होता. चित्र खराब होणार हे ठाऊक असूनही लोकांनी वेळ पसंत केला.

जेव्हीसीमध्ये शिझुओ ताकानो आणि युमा शिराइशी यांनी १९७१ सालीच बारा उद्दिष्टांचा एक तक्ता केला होता. यंत्र कोणत्याही साध्या टीव्हीला जोडता यावे, चित्र प्रक्षेपणाच्या जवळपास असावे, निदान दोन तासांचे मुद्रण व्हावे, एका यंत्रावरची कॅसेट दुसऱ्यावर चालावी, किंमत आवाक्यात असावी, दुरुस्ती सोपी असावी, अशा त्या अपेक्षा होत्या. चित्राचा दर्जा त्या यादीत होता, पण अनेकांपैकी एक म्हणून. ‘सुमार यंत्र जिंकले’ असे म्हणणारे त्या यादीतली एकच ओळ वाचतात.

मग ही गोष्ट इतकी पसरली कशी? अर्थशास्त्रज्ञ ब्रायन आर्थर यांनी १९९० साली ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये एक गाजलेला लेख लिहिला. ज्याला थोडी आघाडी मिळते त्याची आघाडी आपोआप वाढत जाते, हे दाखवताना त्यांनी व्हीसीआरचे उदाहरण घेतले. बीटा तांत्रिकदृष्ट्या सरस होता हा दावा जर खरा असेल, तर बाजाराची निवड सर्वोत्तम ठरली नाही, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे सांगणाऱ्यांनी त्यातला ‘जर’ गाळला. स्टॅन लिबोवित्झ आणि स्टीफन मार्गोलिस यांनी १९९५ साली या उदाहरणाची उलटतपासणी केली आणि मुद्रणाच्या वेळेकडे बोट दाखवले.

पण उलट टोकाला जाऊन ‘व्हीएचएस सर्व बाबतीत उत्तम म्हणूनच जिंकला’ असे म्हणणेही बरोबर नाही. एकदा व्हीएचएसवाले जास्त झाले, की भाड्याने कॅसेट देणारे दुकानदार त्याच कॅसेट ठेवू लागतात. शेजाऱ्याकडची कॅसेट आपल्याकडे चालावी असे प्रत्येकाला वाटते. या टप्प्यावर बीटामॅक्समध्ये कितीही सुधारणा झाल्या असत्या, तरी त्या कामी आल्या नसत्या. आर्थर यांचा मुद्दा इथे पूर्णपणे लागू पडतो. अखेर १९८८ साली सोनीने स्वतःच व्हीएचएस यंत्रे बनवायला घेतली.

आपल्याकडे पाल पद्धत असल्याने आकडे थोडे बदलतात. ई-१८० कॅसेटमध्ये सुमारे २५८ मीटर फीत आणि वेग सेकंदाला २.३४ सेंटिमीटर. मुलांना भागाकार करू द्या, तीन तास येतील. तीन तासांचा हिंदी चित्रपट एका कॅसेटवर का मावत असे, तेही त्यांना कळेल. विद्यापीठ अनुदान आयोगाचा ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ १९८४ साली दूरदर्शनवर सुरू झाला. अशा कार्यक्रमाची वेळ आणि वर्गाच्या तासिकेची वेळ जुळली नाही, तर दोहोंना सांधणारे यंत्र रेकॉर्डरच होते.

घरगुती व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या फुनाई या जपानी कंपनीनेही जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवले. तरीही निवडीचा प्रश्न संपलेला नाही. अनेक शाळांच्या कपाटांत २४ ऑक्टोबर १९९५ च्या खग्रास सूर्यग्रहणाचे किंवा स्वतःच्या विज्ञान प्रदर्शनाचे मुद्रण अजून पडून असेल. ते संगणकावर उतरवायचे, तर जुना रेकॉर्डर शोधावा लागेल आणि आता गरजांची यादी पार बदललेली असेल. किती तास मुद्रण होते, टायमर आहे का, याला आज महत्त्व नाही. फीत न चुरगाळता सरकते का, हेड स्वच्छ आहेत का, मुद्रण सावकाश वेगात केलेले असेल तर तो वेग यंत्राला चालतो का, हे विचारावे. बुरशी लागलेली फीत चांगल्या यंत्रात घालू नये, ती हेड बिघडवते. चुकून वर दुसरे मुद्रण होऊ नये म्हणून कॅसेटच्या कडेची प्लॅस्टिकची पट्टी आधी मोडावी. दमट हवेत फितीवरचा थर दरवर्षी खराब होत जातो, तेव्हा हे काम पुढच्या सत्रावर ढकलू नये.

वर्गात ही गोष्ट सांगायची तर जरूर सांगावी. फक्त ‘चांगला कोणता?’ असे विचारण्याआधी मुलांकडून गरजांची यादी लिहून घ्यावी, आणि मगच आकडे फळ्यावर मांडावेत. दोन गटांच्या याद्या वेगळ्या निघाल्या, तर त्यांची उत्तरेही वेगळी येतील. ती दोन्ही बरोबर असू शकतात.