भ्रंशालगतच्या भूविरूपणाचे प्रतिमाधारित मापन : एक चिकित्सा

प्रस्तावना :
भूकंपात जमीन किती सरकली, हे पूर्वी प्रामुख्याने प्रत्यक्ष पाहणीतून ठरविले जाई. भ्रंशरेषेवर तुटलेले रस्ते, कुंपणे व ओढ्यांचे काठ यांमधील अंतर फितीने मोजले जाई. हवाई छायाचित्रे व उपग्रह प्रतिमा आल्यानंतर या मापनांची परस्परांशी तुलना होऊ लागली. या सर्व पद्धती एकच राशी मोजतात काय, हा प्रश्न कॅलिफोर्नियातील लँडर्स येथील २८ जून १९९२ च्या ७.३ तीव्रतेच्या भूकंपाच्या आधारे तपासणे उद्बोधक ठरते.

विवेचन :
मासोने व सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये ईआरएस-१ उपग्रहाच्या भूकंपापूर्वीच्या व नंतरच्या रडार प्रतिमांवरून या भूकंपाच्या विरूपणाचा नकाशा प्रसिद्ध केला. त्यातील प्रत्येक रंगपट्टा उपग्रहाच्या दृष्टिरेषेत सुमारे २८ मिलिमीटर बदल दर्शवितो. हे यश निर्विवाद होय. तथापि जमीन जेथे सर्वाधिक फाटते, नेमके तेथेच हे पट्टे विस्कटतात. ही उणीव हवाई छायाचित्रे भरून काढतात. भूकंपापूर्वीच्या व नंतरच्या छायाचित्रांतील समान खुणांचे स्थानांतर संगणकाद्वारे मोजले जाते. मिलिनर व सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये याच पद्धतीने दाखविले की, एकूण विस्थापनापैकी सुमारे ४६ टक्के मुख्य भेगेबाहेर, सरासरी १५४ मीटर रुंदीच्या पट्ट्यात विखुरलेले होते.

यावरून फितीचे मापन चुकीचे ठरविणे अन्यायाचे होईल. फितीने भेगेवरील सरकणे मोजले. छायाचित्रांनी भोवतालच्या जमिनीचे वाकणेही त्यात मिळविले. खरा दोष एका राशीच्या जागी दुसरी वापरण्यात आहे. केवळ भेगेवरील अंतरावरून भ्रंशाचा दीर्घकालीन वेग काढल्यास तो कमी भरतो व भूकंपाचा धोकाही कमी लेखला जातो. दुसरीकडे छायाचित्रांतील आडव्या स्थानांतरावरून जमिनीची उभी हालचाल कळत नाही, हेही विसरता येत नाही.

निष्कर्ष :
कॅलिफोर्नियाच्या १९७२ च्या अल्क्विस्ट-प्रिओलो कायद्यान्वये सक्रिय भ्रंशापासून बांधकाम सर्वसाधारणपणे ५० फूट, म्हणजे सुमारे १५ मीटर, दूर ठेवले जाते. लँडर्सचा पट्टा याहून कितीतरी रुंद आहे. त्या पट्ट्यातील प्रत्येक घर कोसळेलच असे नाही. परंतु भ्रंश ही केवळ रेषा मानून आखलेले नियम अपुरे पडू शकतात. म्हणून विस्थापनाचा आकडा देताना तो कोणत्या पद्धतीने व किती रुंदीवर मोजला, याचा उल्लेख अनिवार्य मानला जावा.